गैरहजरांचे आढाव सर

आता आमच्या शाळेत हजेरी मोबाईलवर लागते. वर्गात शिरायचं, ॲप उघडायचं, जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे बोट टेकवायचं, की झालं काम. नेट नसलं तर मोबाईल उंच धरून खिडकीशी उभं राहायचं, एवढाच काय तो त्रास. परवा नव्याने लागलेल्या एका शिक्षिकेने मला विचारलं, "बाई, पूर्वी हजेरीला किती वेळ जायचा हो?" मी म्हटलं, आमच्याकडे एक गृहस्थ होते, त्यांना हजेरीला अख्खा दिवस पुरत नसे. तिला तो विनोद वाटला आणि ती हसली. मला मात्र दिवसभर करमलं नाही. आढाव सरांना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि आमच्या स्टाफरूममध्ये त्यांचं नाव काढणारी मी एकटीच उरले आहे.

शिमोन आढाव. मूळचे नगरकडचे, श्रीरामपूरच्या बाजूच्या एका खेड्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. उंच, पाठीत जरासे वाकलेले, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि एक नेलकटर. पाचवी ते सातवीला मराठी आणि गणित शिकवायचे. स्टाफरूममध्ये त्यांना सगळे 'फादर' म्हणून चिडवायचे. ते चिडत नसत, पण सोडतही नसत. "आमच्यात फादर नसतो, पाळक असतो. आणि मी तोही नाही," असं दर वेळी, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, शांतपणे सांगायचे. इतकी वर्षं सांगूनही पालथ्या घड्यावर पाणी. शेवटपर्यंत ते फादरच राहिले.

भिवंडीतली आमची शाळा मराठी माध्यमाची आणि दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांत अडकलेली. खिडकी उघडली की खटाखट आत येते, बंद केली की जीव गुदमरतो. त्यामुळे आमच्या शाळेतले शिक्षक घरीसुद्धा ओरडून बोलतात. मी खारबावहून येते. माझा नवरा म्हणतो, तू फाटकात शिरण्याआधी तुझा आवाज घरात येतो. आढाव सर मात्र एवढ्या खटाखटीतही हळू बोलायचे. ऐकायचं असेल तर मुलांना गप्प बसण्याशिवाय इलाज नव्हता.

मुलांना ते 'मंडळी' म्हणायचे. हा शब्द त्यांच्या देवळातला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. हजेरी घेताना नंबर पुकारायचे नाहीत. आम्ही सगळे एक, दोन, तीन म्हणून पाच मिनिटांत मोकळे होत असू. हे एकेकाचं पूर्ण नाव घ्यायचे, त्याच्याकडे बघायचे, मग पुढच्याकडे. नंबराने काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. "तुमच्या आईने तुमचं नाव ठेवलं होतं की नंबर?" एवढंच म्हणाले. मला तो आगाऊपणा वाटला, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही.

पण नंतर अकलोलीची सहल झाली. गरम पाण्याच्या कुंडांवर मुलं मनसोक्त डुंबली, परत बसमध्ये बसली. मुख्याध्यापक म्हात्रे सरांनी डोकी मोजली. बरोबर भरली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तर आढाव सर दारात आडवे. त्यांना नावं घ्यायची होती. उन्हाने आमची डोकी तापलेली, पोरांना भुका लागलेल्या, सगळे त्यांच्यावर खेकसले. त्यांनी नावं घेतली, तर पाचवीतली एक मुलगी नाही. मग डोकी बरोबर कशी भरली? मागच्या सीटवर अकलोलीचाच एक पोरगा आरामात बसून आमची केळी खात होता. त्याला गाडीतून फिरायचं होतं म्हणे. आमची मुलगी तिकडे कुंडामागे, पायातली एक चप्पल शोधत रडत बसलेली.  परतीच्या वाटेवर म्हात्रे सरांनी आढाव सरांना स्वतःच्या हाताने केळं सोलून दिलं.

"कोण आलं ते काय बघायचं? ते समोर बसलेलंच असतं. कोण नाही आलं ते बघा," हे त्यांचं पालुपद होतं.

नुसतं पालुपद असतं तर हरकत नव्हती. पण ते उठून जायचे. सलग तीन दिवस मूल आलं नाही की सर वर्ग मॉनिटरवर सोपवायचे, शेजारच्या वर्गात डोकावून मला म्हणायचे, "बाई, जरा कान इकडे ठेवा," आणि निघायचे. कधी पद्मानगरात, कधी कल्याण रोडच्या चाळींत, कधी पार वळ गावाच्या गोदामांपर्यंत. तासाभराने मुलाला पुढे घालून परत यायचे. नियमात बसणारं हे नव्हतं. म्हात्रे सर कानाडोळा करायचे, कारण आमच्या शाळेची पटसंख्या त्याच्यावरच तगून होती.

एकदा त्यांच्या वर्गातली लक्ष्मी नावाची मुलगी यायची बंद झाली. तेलुगू विणकराची पोर, पाढ्यांत हुशार. बाप आजारी म्हणून तिला लूमवर कांड्या भरायला बसवली होती. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. सर कारखान्यात गेले. मालक इथलेच जुने कोकणी मुसलमान, हाजीसाहेब. सर त्यांच्याशी भांडले नाहीत, कायदा सांगितला नाही. लक्ष्मीशेजारी जमिनीवर बसले आणि कांड्या भरायला लागले. हाजीसाहेब हे नंतर स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्यांनी विचारलं, मास्टरजी, ये क्या कर रहे हो? तर सर म्हणाले, "इसका काम खतम होगा तभी ये स्कूल आएगी ना? मैं हाथ बटा रहा हूँ." कांड्या सगळ्या वाकड्या, सुताचा गुंता झालेला. शेवटी हाजीसाहेबांनीच वैतागून मुलीला उठवलं, वर मुकादमाला सांगितलं की मास्तरांच्या शाळेतलं पोर पुन्हा इथे दिसता कामा नये. सर परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर कापसाची पूड होती आणि चेहरा लग्नघरातून आल्यासारखा.

माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नाही, आणि ते मी लपवतही नाही. म्हणून मी त्यांना सरळच विचारलं होतं, हे सगळं तुम्ही स्वर्गात जागा मिळावी म्हणून करता का? त्यांना गंमत वाटली. म्हणाले, "बाई, मी वर्गात कधी धर्म शिकवला नाही, शिकवणार नाही. पण मुलाकडे बघायचं कसं, ते मी तिथूनच शिकलो. ते आता कुठे काढून ठेवू?"  एका पालकाने तर त्यांना फाटकातच गाठून, तुम्ही घरोघर हिंडता ते बाटवायला का, असं विचारलं होतं. सर म्हणाले, "अहो, माझी बायकोच दर रविवारी डोकं दुखतं म्हणते. तिला अजून पुरतं ख्रिस्ती करता आलं नाही मला." तो माणूस हसत निघून गेला. मला मात्र त्या रात्री राग आवरत नव्हता, की या माणसाला अशा प्रश्नाला उत्तर देत उभं राहावं लागतं.

शनिवारी नखं कापायचे. ते नेलकटर त्याचसाठी. स्वतः खाली मांडी घालून बसायचे, मूल बाकावर, मुलाचा पाय यांच्या गुडघ्यावर. लूमच्या गल्ल्यांतून अनवाणी फिरणारे पाय, ते कसे असणार! मी म्हणायची, हे आईबापांचं काम आहे, तुमचं नाही. एका वर्षी त्यांनी मला त्यांच्या देवळात बोलावलं, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी. मी गेले ती वहिनींच्या हातचं जेवायला मिळेल म्हणून. तिथे पाळक गुडघ्यावर बसून मंडळीतल्या लोकांचे पाय धूत होते, पुसत होते. म्हातारे, बायका, एक हमाल. मी मागच्या बाकावर बसून ते बघत होते आणि मला आमचा शनिवारचा तास आठवत होता.  नखं कापण्यावरून मी सरांना पुन्हा कधी टोकलं नाही.

आणि चुकले की माफी मागायचे. सगळ्या वर्गासमोर, उभं राहून, हात जोडून. कुणाला उगाच रागावले, कुणाचा मार्क चुकून कापला, की दुसऱ्या दिवशी पहिलं काम ते. याने शिस्त बिघडते असं आमचं सगळ्यांचं मत होतं. बिघडत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

दरवर्षी पालकसभेत ते एक गोष्ट सांगायचे. एका धनगराची शंभर मेंढरं होती, त्यातलं एक रानात चुकलं. धनगराने नव्व्याण्णव तिथेच सोडली आणि एकाच्या शोधात गेला. सापडल्यावर खांद्यावर टाकून आणलं. गोष्ट त्यांच्या शास्त्रातली. पण ते येशूचं नाव घेत नसत, नगरकडचा धनगर रंगवायचे, त्याची काठी, त्याचं घोंगडं. पालकांना आवडायची. तुमचं मूल हरवलं तर मी येईन, असा त्याचा अर्थ ते लावायचे आणि निर्धास्त घरी जायचे. एका वर्षीच्या सभेत पुढच्या रांगेत सुजाता बसली होती. बौद्ध वस्तीतली, वळच्या एका गोदामात पॅकिंगला जाणारी, नवरा ट्रकवर. तिची प्रज्ञा सहावीत, सरांच्याच वर्गात. प्रज्ञा एक दिवस चुकवायची नाही. सुजाताने गोष्ट पूर्ण ऐकली, टाळ्या वाजवल्या, आणि शिफ्ट होती म्हणून चहा न घेता निघून गेली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर लक्ष्मी पुन्हा यायची बंद झाली. या वेळी दुसऱ्याच कारखान्यात, लांब. मी त्या दिवशी प्रशिक्षणाला ठाण्याला गेले होते. माझा वर्ग दुसऱ्या वर्गात नेऊन बसवला होता, म्हणजे शेजारी कान ठेवायला कोणी नव्हतं. सरांना हे ठाऊक होतं. ते तरी गेले. त्यांना वाटलं असेल, एवढी वर्षं गेलो, मंडळी शहाणी आहेत.

सर गेले, तास भूमितीचा होता, कंपासपेट्या उघड्या होत्या. मुलं आधी बोलायला लागली, मग एकमेकांवर वस्तू फेकायला लागली. खोडरबर, मग पेन्सिली, मग कुणीतरी कर्कटक फेकलं. प्रज्ञा मान खाली घालून वर्तुळ काढत होती. कुणीतरी हाक मारली म्हणून तिने वर बघितलं. कर्कटकाचं टोक तिच्या उजव्या डोळ्यात गेलं.

सर लक्ष्मीला घेऊन परत आले तेव्हा फाटकात रिक्षा उभी होती आणि म्हात्रे सर प्रज्ञाला उचलून आणत होते. हे मला शिपाईमामांनी सांगितलं. म्हणाले, सरांनी लक्ष्मीचा हात सोडला आणि तिथेच मातीत बसले. मग उठून रिक्षामागे धावत गेले, पार नाक्यापर्यंत. डॉक्टरांनी केलं ते सगळं केलं. डोळा दिसायला तसाच राहिला, पण त्याची नजर गेली.

चौकशी लागली. म्हात्रे सरांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून दार लावलं. मीही होते. म्हात्रे सर म्हणाले, आढाव, मी तुम्हाला ऑफिसात बोलावलं होतं असं मी सांगतो, निभावून जाईल. सर म्हणाले, "तुम्ही बोलावलं नव्हतं, सर." बस्स. चौकशीला बसलेल्या मंडळींना ते कारखान्याचं नाव, गल्ली, किती वेळ लागला, सगळं स्वतःहून सांगून आले. तुम्ही लोकांच्या घरी जाऊन आणखी काय काय करता, असं त्यातल्या एकाने खोचकपणे विचारलं. एरवी ते बायकोच्या डोकेदुखीची गोष्ट सांगून मोकळे झाले असते. त्या दिवशी गप्प बसले. कर्कटक कोणी फेकलं ते शोधा, असा हुकूम झाला, तर म्हणाले, "माझं नाव लिहा. मी वर्गात असतो तर ते उडालं नसतं. त्या लेकराला आयुष्यभर हे घेऊन फिरायला लावू नका." काही महिने निलंबित झाले, परत आले. सुजाताने तोवर प्रज्ञाचा दाखला काढून तिला दुसऱ्या शाळेत घातलं होतं.

निलंबनाच्या काळात ते एकदा सुजाताकडे गेले. एकटं जायचं धाडस होईना, म्हणून मला सोबत घेतलं. चाळीतली खोली, दारात सुजाता उभी, आम्हाला आत या म्हणाली नाही. प्रज्ञा आतल्या अंधारात खाटेवर, एका डोळ्यावर पट्टी. सर हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली. माफ करा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो."

सुजाता आरडाओरडा करेल अशी मी मनाची तयारी केली होती. तो केला नाही तिने. शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "सर, ती मेंढराची गोष्ट मी आयकलेली हाय तुमची. चुकलेलं एक तुमी आनलंत. माजी पोर बाकीच्यांत व्हती. ती रोज येत व्हती. रोज येनाऱ्या पोराकडं कुनी बघायचं?"

 सुजाताने दार लावून घेतलं, आदळलं नाही. परत येताना पूर्ण रस्ताभर ते माझ्या दोन पावलं मागे चालत होते. नाक्यावर म्हणाले, "लहानपणापासून ऐकतोय ही गोष्ट. मागे राहिलेल्यांचं काय झालं, ते मी एकदाही विचारलं नाही, बाई." मला रडू आलं. त्यांना नाही आलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

परत रुजू झाले ते वेगळेच आढाव सर. पालकसभेत धनगर पुन्हा आला नाही. वर्गातून ते उठेनात. डबा वर्गातच, मधली सुट्टी वर्गातच, मुलं मैदानावर गेली तर मैदानाच्या कडेला. नखं कापणं चालू होतं, पण कापताना नजर सारखी बाकी मुलांवर. एकदा नेलकटर लागून एका मुलाच्या अंगठ्याला रक्त आलं, तेव्हापासून तेही थांबलं.

आणि लक्ष्मी तिसऱ्यांदा यायची बंद झाली. मी त्यांच्या वर्गात जाऊन सांगितलं, तुम्ही जाऊन या, तुमचा वर्ग मी घेऊन बसते, जागची हलणार नाही. ते हजेरीपट बंद करून नुसते बसले होते.

"नको, बाई."

"अहो, मी आहे ना इथे."

"नको."

मला त्यांचा संताप आला. एकीसाठी दुसरीला किती दिवस शिक्षा, असं मी बोलून गेले.  शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर मीच लक्ष्मीच्या घरी गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, वो लोग तो गाँव चले गए, तेलंगणा में. लडकी का वहीं कुछ रिश्ता-विश्ता देखेंगे. मी हे सोमवारी सरांना सांगितलं. ते फळ्याकडे वळले आणि शनिवारचंच गणित परत शिकवायला लागले. एक डोळा गेला होता, आता एक मुलगी गेली. असं कसं त्यांच्या देवाने जमवलं, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी सुजाता शाळेच्या फाटकात उभी दिसली. मी धावत सरांना बोलावून आणलं. ती इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"मी माफ केलं म्हनून आले न्हाय. करनार पन न्हाय. पोरगी शाला सोडते म्हनते. फळा दिसत न्हाय, मागं बसवतात, डोकं दुखतं. तुमी पोरं परत आनता असं सगली म्हनतात. हिला आना."

त्या दिवसापासून सर तिच्याकडे जायला लागले. वेळ सुजाताने ठरवलेली, ती गोदामातून परत आल्यानंतरची. सर उंबऱ्याबाहेर पायरीवर बसायचे, प्रज्ञा आत, आणि दोघांच्या मधोमध सुजाता. भाजी निवडायची, कपडे घड्या करायची, पण उठायची नाही. पाणीसुद्धा विचारायची नाही. हे मला प्रज्ञानेच एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं. सर तिच्यासाठी पाठकोऱ्या कागदांवर जाड मार्करने गणितं लिहून न्यायचे, आकडे वीतभर मोठे. ती शाळेत टिकली. सहामाहीत तर गणितात वर्गात पहिल्या पाचांत आली. सुजाताने हेही सरांना सांगितलं नाही, त्यांना ते निकालपत्रावरूनच कळलं.

सर निवृत्त झाले. समारंभाला नको म्हणाले, तरी आम्ही शाल-नारळ दिला. गावाकडचं घर दुरुस्त करून ठेवलं होतं, टेम्पो ठरला, सामान गेलं, वहिनी गेल्या. आणि सर भिवंडीतच राहिले. प्रज्ञाची दहावीची परीक्षा होऊ दे, मग येतो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. परीक्षेला तेव्हा अख्खं वर्ष होतं. रिकाम्या खोलीत एक सतरंजी, एक स्टोव्ह. वहिनींचा मला फोन आला. त्या फोनवर रडल्या. म्हणाल्या, त्यांना छातीत दुखतं, सांगत नाहीत, तुमचं ऐकतील, त्यांना गाडीत बसवून द्या. ते पुढे गावी गेले ते प्रज्ञाचा निकाल बघूनच, आणि गेल्यावर दोन महिन्यांत वारले. मला मातीला जाता आलं नाही. माझ्यापाशी राहिलेले सर आहेत ते त्या फोनच्या दिवशीचे.

त्या संध्याकाळी मी शाळेतून थेट सुजाताच्या चाळीत गेले. सर पायरीवर बसलेले, गुडघ्यावर कागद. प्रज्ञा आत मोठमोठ्याने उदाहरण वाचत होती, सुजाता मध्ये बसून मेथी निवडत होती. मी भिंतीशी उभी राहिले. मला कोणी बस म्हणालं नाही आणि मलाही बसवलं नसतं. सरांचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. वहिनींचं म्हणणं काय शब्दांत सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

शिकवून झालं. सर कठड्याला धरून उठले, कागद गोळा केले, चपला घातल्या. नेहमीसारखं कोणाला काही न बोलता निघाले. चार पावलं गेले असतील, तेवढ्यात मागून सुजाताचा आवाज आला. तिने मान वर केली नव्हती, हात मेथीतच होते.

"उद्या माजी सकालची ड्युटी हाय. पोर एकलीच असंल घरात. तुमी लवकर या."

सर जागीच थांबले. वळून बघितलं नाही त्यांनी. मी जवळ गेले तर ते भिंतीवर हात टेकून उभे होते. मला वाटलं छातीत दुखतंय. मी दंड धरला.

"काय म्हणाल्या त्या?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ऐकलं होतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी प्रज्ञा घरात एकटी आहे. तुम्हाला लवकर यायला सांगितलंय."

"परत सांगा, बाई."

मी परत सांगितलं. त्यांनी मान हलवली, माझा हात हळूच सोडवला आणि भिंतीचा आधार घेत गल्लीतून चालू लागले. वहिनींचा निरोप मी तसाच घेऊन खारबावला परत आले.